कोंड्याचा मांडा कोणी केला?

मराठीत एक म्हण मोठ्या कौतुकानं सांगतात. कोंड्याचा मांडा करून खावा. घरात मूठभर काही असताना चार माणसांचं ताट भरणारी बाई ती सुगरण. काटकसरीचे धडे देणारे या म्हणीवर फार जीव टाकतात. पण मित्रहो, या म्हणीला आपण उलटा प्रश्न विचारला पाहिजे. कोंडा तिच्याच घरी का आला? तांदूळ कोणाच्या कोठीत गेला? आणि ज्याच्या कोठीत तांदूळ गेला, त्याच्या बायकोला कोणी काटकसर शिकवली का?

हा प्रश्न बोदलकसासारख्या गावी विचारावा. गोंदिया जिल्ह्यातला, तिरोडा तालुक्यातला हा भाग. डोंगर, जंगल, आणि मधे ब्रिटिश अमदानीतला मोठा तलाव. हिवाळ्यात लोक इथं पाखरं पाहायला येतात, फोटो काढतात, जातात. तलाव बांधला तो पाखरांसाठी नाही, धानासाठी. बांधाची माती ज्यांनी डोक्यावर वाहिली त्यांची नावं इतिहास विचारत नाही. खालच्या बांध्यांत चिखलात वाकून ज्यांनी रोवणी केली त्यांचीही नाही. आम्हाला मात्र तेवढंच विचारायचं आहे. रोवणी करून घरी आलेली बाई रात्री चुलीवर काय ठेवत होती?

त्यासाठी थोडं मागं जावं लागतं. पूर्व विदर्भातले पुष्कळ महार पूर्वी जाडंभरडं कापड विणायचे. नागपुरात १८७७ साली एम्प्रेस मिल सुरू झाली, गिरणीचं कापड खेड्यापर्यंत आलं, आणि हातमागाचा कणा मोडत गेला. माग गेला तो माणूस मालगुजाराच्या बांधीत उतरला. कोणी सालदार झाला, कोणी रोजीनं गेला. कोतवालकी होती त्याला गावकऱ्यांकडून धान्याचा हक्क, पण त्या हक्कासाठी दारोदार उभं राहावं लागे. हक्काला भिकेचं रूप कसं देतात ते गावाकडून शिकावं! मजुरी बहुधा धान्यात. कापणीला धान, चुरणीला धान. मोजायचं माप मालकाचं, मोजणारा हातही मालकाचा.

१८९६-९७ आणि १८९९-१९०० या दोन दुष्काळांनी मध्य प्रांत पिळून काढला. मोहाची फुलं तेव्हा जेवण झाली. मालगुजारी १९५१ साली कायद्यानं संपली. पण कागदावरचा मालगुजार गेला म्हणून भूमिहीनाच्या नावावर जमीन चढली असं झालं नाही. रोवणी करणारे हात तेच राहिले. चांगला धान गिरणीकडे, बाजाराकडे गेला. गोंदिया तांदळाच्या गिरण्यांचं गाव म्हणून नावाजलं. आणि गिरणीत तांदूळ तुटून जी कणी पडते ती स्वस्त म्हणून मजुराच्या घरी आली. जो अख्खा दाणा पिकवतो तो तुटका दाणा खातो. एवढ्यात सारं अर्थशास्त्र आलं.

आता त्या कणीचं तिनं काय केलं ते पाहा. कणी लवकर शिजते, सरपण कमी लागतं. पाणी वाढवलं की पेज होते, आणि पेजेत मीठ घालून लेकरापासून म्हाताऱ्यापर्यंत सगळ्यांना पिता येते. उन्हात कामाला जाणाऱ्याला तीच पेज पाणीही देते, मीठही देते. अंबाडीचा पाला उकडायचा, त्यात कणी आणि मूठभर डाळ घोटायची, वरून लसूण-मिरचीची फोडणी. आंबट, तिखट, घट्ट. एका गाडग्यात भात, वरण, भाजी तिन्ही. तेल चमचाभर, तेही जवसाचं. जवस भाजून, मीठ-मिरची घालून कुटली की चटणी, आणि चटणी असली की कोरडा भातसुद्धा घशाखाली उतरतो. चिंच, आमचूर, लसूण, मिरची ही गरिबाची श्रीमंती. पोट भातानं भरतं, पण दुसरा घास घ्यावासा वाटतो तो चवीनं. ही गोष्ट तिला कोणत्या पाकशास्त्राच्या पुस्तकानं सांगितली नव्हती.

पहिला पाऊस पडला की तरोटा उगवतो. त्याची कोवळी पानं फुकटची भाजी. मग जंगलातली काटवलं, टेकोडे, बांबूचे वास्ते, कुड्याची फुलं. तलावा-बोडीतली बारकी मासळी, झिंगे. ताजे खायचे, उरलेले वाळवायचे, आणि भाजी नसेल तेव्हा मूठभर वांग्यात टाकून घरभर वास सोडायचा. कोणतं पान कधी कोवळं, काय किती उकडायचं, काय वाळवून टिकतं, हे सारं तिला ठाऊक. एका पिढीनं दुसरीला तोंडी दिलेली ही विद्या आहे. शाळेचं दार बंद होतं तेव्हाची आमची शाळा चुलीपाशी होती.

पण या विद्येचं नुसतं कौतुक करू नका. लाखोरीची गोष्ट ऐका.

लाखोरी म्हणजे लाखोळी, उत्तरेत खेसारी. धान उभा असतानाच ओल्या बांधीत तिचं बी फेकतात. नांगर नको, पाणी नको. भाताला जे कमी ते तिच्यात आहे, म्हणून भात आणि लाखोरीचं वरण ही जोडी शरीराला धरून ठेवते. कोवळा पाला भाजीला, दाणे वरणाला. मजुरांना परवडणारी डाळ हीच. पण तिच्यात एक विषारी द्रव्यही आहे. स्लीमन या इंग्रज अधिकाऱ्यानं १८४४ सालच्या आपल्या पुस्तकात सागर भागाची हकीकत लिहिली. १८२९ पासून तीन वर्षं गारपीट, अवर्षण आणि रोगानं बाकी पिकं गेली, हीच तेवढी तगली, लोकांनी तीच खाल्ली, आणि १८३३ च्या सुमारास तरणीताठी माणसं कंबरेखाली लुळी पडू लागली. म्हणजे रोग कोणाला झाला? ज्याच्या ताटात महिनोन् महिने दुसरं काहीच नव्हतं त्याला. भात, भाजी, मासळी यांच्या सोबतीनं थोडी खाणाऱ्याला ती तशी बाधत नाही. डाळ भिजवून, भरपूर पाण्यात उकळून ते पाणी फेकलं तर विषाचा बराचसा भाग निघून जातो.

१९६१ साली सरकारनं तिच्या विक्रीवर बंदी घातली. व्यापारी ती तूरडाळीत, बेसनात मिसळत होते, हेही खरं. पण बंदी घालताना गरिबाच्या ताटात तिच्याऐवजी तूर कोणी टाकली? महाराष्ट्रात ती बंदी उठली २००८ साली. सत्तेचाळीस वर्षं गरिबाची डाळ गुन्हेगार ठरली, आणि त्याला एकाच डाळीवर जगवणारी मजुरी निर्दोष सुटली!

दुसरी गोष्ट आमच्या घरातली आहे, आणि ती सांगताना जीभ अडखळते. मेलेलं जनावर ओढणं आमच्या माथी मारलेलं होतं, आणि त्याचं मांस हेच त्या कामाचं दाम. वाळवून त्याच्या चान्या होत, त्या पुढं पुरत. मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मृत मांस आणि शिळे तुकडे सोडायला सांगितलं. डिसेंबरात महाडलाच ते बायकांशी वेगळे बोलले. हा भाग तेव्हाच्या भंडारा जिल्ह्यातला. १९५४ साली बाबासाहेब याच भंडाऱ्यातून पोटनिवडणूक लढले, हरले. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला धम्मदीक्षा झाली. दुसऱ्या दिवशीच्या भाषणात त्यांनी मेलेली ढोरं सोडल्यानं होणाऱ्या 'तोट्या'चा हिशेब मांडणाऱ्यांचा खरपूस समाचार घेतला. स्वाभिमानापुढं तो हिशेब टिकणारा नव्हताच.

पण त्या निर्णयानंतर त्या संध्याकाळी चुलीवर काय चढलं, हे आमच्या चळवळीच्या इतिहासात कुठं आहे? पुरुषांनी शपथ घेतली, बायकांनीही घेतली. पण शपथेनं ताटात जी जागा रिकामी झाली ती भरायची कोणी? तिनंच भरली. पाव मूठ डाळ जास्त, झिंग्यांची चटणी, अंबाडीची आणखी एक पेंढी. मान वर करून जगण्याची किंमत तिनं घासाघासानं मोजली, आणि बहुतेक वेळा स्वतः शेवटी जेवून मोजली. हा सत्याग्रह नव्हे काय? त्याचं नाव मात्र 'बाईची काटकसर' असं पडलं.

आता म्हणतील, जुने दिवस गेले. काही गेले, खरंच. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यानं प्राधान्य कुटुंबाला माणशी महिना ५ किलो धान्य, अंत्योदय कुटुंबाला ३५ किलो, तांदूळ ३ रुपये किलोनं. २०२३ पासून ते फुकट झालं. भुकेच्या तोंडी घास आला, ही लहान गोष्ट नाही, आणि तो हक्क आहे, उपकार नाही. पण कायद्यानं दिला तो भात. डाळ, तेल, भाजी, मासळी यांचा हक्क त्यात लिहिलेला नाही. म्हणजे पोट सरकारनं भरायचं, आणि चव आणि ताकद पुन्हा तिनंच कुठून तरी आणायची.

मराठवाड्यातल्या दलितांच्या अन्नावर शाहू पाटोळे यांनी २०१५ साली 'अन्न हे अपूर्ण ब्रह्म' हे पुस्तक लिहिलं. तो ज्वारीचा मुलूख. आमच्या धानाच्या मुलखाचं अन्नही असंच नीट लिहून काढायला हवं. घराघरात आज्या आहेत तोवर वही घेऊन बसा. नुसती पाककृती लिहून घेऊ नका. कणी कोणाच्या गिरणीतून आली, मजुरी किती पायल्या मिळाली, लाखोरीचं पाणी किती वेळा फेकलं, मृत मांस सोडलं त्या वर्षी काय रांधलं, हे विचारा. आणि एक प्रश्न विसरू नका. सगळ्यांना वाढून झाल्यावर गाडग्यात काय उरत होतं?