‘भरधाव’ म्हणजे ताशी किती?

जळगाव किंवा धुळ्यातल्या कुठल्याही पोलीस ठाण्यातली अपघाताची फिर्याद घ्या. एक ओळ हमखास सापडते: चालकाने आपल्या ताब्यातील वाहन ‘भरधाव वेगाने, हयगयीने व अविचाराने’ चालवून धडक दिली. दुसऱ्या दिवशी पेपरात हयगय आणि अविचार गळून पडतात आणि ‘भरधाव’ तेवढं उरतं. या ओळीत सगळं आहे, फक्त आकडा नाही. आपल्या कॉलन्यांमध्ये गाड्या दामटणाऱ्यांचं काही होत का नाही, याचं निदान अर्धं उत्तर या ओळीच्या इतिहासात आहे.

हा नुसता शब्दांचा खेळ नाही. मे २०२४ मध्ये जळगावजवळ रामदेववाडीला एका कारने दुचाकीला उडवलं. एक आई, तिची दोन मुलं आणि भाचा, असे चौघं गेले. थोड्याच दिवसांनी पुण्यात कल्याणीनगरचा अपघात झाला आणि मग राज्यभर या दोन्ही घटनांची चर्चा एकत्र सुरू झाली. चर्चा मुख्यतः चालक कोण, कुणाचा मुलगा, त्याने काय घेतलं होतं, यावर झाली. रस्त्यावर कायद्याने किती वेग चालतो, हा प्रश्न फार कुणी विचारला नाही.

घोड्यांसाठी लिहिलेलं कलम

‘हयगयीने व अविचाराने’ हे शब्द भारतीय दंड संहितेच्या कलम २७९ चं मराठी रूप आहेत. ही संहिता १८६० ची. कार्ल बेंझने पेट्रोलवर चालणाऱ्या मोटारीचं पेटंट घेतलं १८८६ मध्ये. म्हणजे मोटार जन्मायच्या २६ वर्षं आधी हे कलम तयार होतं! त्यात वाहन ‘हाकणं’ आणि ‘स्वारी करणं’ असे दोन्ही प्रकार येतात. डोळ्यांसमोर टांगा, घोडा आणि बैलगाडी होती. मुंबई–आग्रा रस्ता तेव्हाही धुळ्यावरून जायचा आणि त्यावर बैलगाड्यांच्या रांगा असायच्या.

अशा जगात वेगाचा आकडा लिहायची गरजच नव्हती. बैलगाडी किती पळणार? धोका होता तो हाकणाऱ्याच्या डोक्यात: प्यायलेला, पेंगलेला किंवा शर्यत लावणारा. म्हणून कायद्याने वेग मोजला नाही, माणसाची वृत्ती तपासली. शिक्षा होती सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. मजुराला दिवसाला काही आणे मिळायचे त्या काळात हजार रुपये म्हणजे माणूस उद्ध्वस्त व्हायची रक्कम होती.

१ जुलै २०२४ पासून दंड संहिता जाऊन भारतीय न्याय संहिता आली. कलम २७९ चं झालं कलम २८१. शिक्षा? सहा महिने किंवा हजार रुपयेच. १६४ वर्षांत आकडा हलला नाही.

कोर्टाने विचारलेला प्रश्न

‘भरधाव’चं कोर्टात काय होतं, हे १९९८ च्या ‘कर्नाटक राज्य विरुद्ध सतीश’ या निकालात दिसतं. ट्रक उलटून माणसं मेली होती. साक्षीदार म्हणाले, ट्रक ‘हाय स्पीड’मध्ये होता. सर्वोच्च न्यायालयाचं म्हणणं थोडक्यात असं: हाय स्पीड हा सापेक्ष शब्द आहे. म्हणजे नेमका किती, हे पुराव्याने दाखवणं सरकारी पक्षाचं काम आहे. ते झालं नव्हतं. चालक सुटला.

वाचताना राग येतो, पण प्रश्न बरोबर आहे. विज्ञानाच्या प्रयोगशाळेतही ‘खूप गरम’ अशी नोंद कुणी स्वीकारत नाही.

मोटारींसाठी वेगळे कायदे झाले: १९१४, १९३९ आणि मग १९८८ चा मोटार वाहन कायदा. २०१९ च्या दुरुस्तीने त्याच्या कलम १८४ मध्ये वृत्तीऐवजी कृतींची यादी आली: सिग्नल तोडणं, मोबाइल हातात धरणं, उलट्या दिशेने येणं. अल्पवयीन मुलाच्या हातून गुन्हा घडला तर पालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार दंड, हे कलम १९९-अ सुद्धा तेव्हाचंच. हे चांगलंच झालं. पण वेगाचा आकडा बघा. केंद्राच्या २०१८ च्या अधिसूचनेनुसार पालिका हद्दीतली कमाल मर्यादा कारला ताशी ७० आणि दुचाकीला ६० किलोमीटर आहे. कमी मर्यादा वेगळी जाहीर केलेली नसेल, तर महाबळ किंवा देवपूरच्या गल्लीत ५५ ने जाणारी बाइक वेगमर्यादा तोडतच नाही!

पंधरा मीटर

एक साधं गणित करू. चालकाला धोका दिसून ब्रेक दाबेपर्यंत एक सेकंद जातो असं धरू, आणि कोरड्या रस्त्यावर चांगला ब्रेक दर सेकंदाला वेग सेकंदी ६ मीटरने कमी करतो असं समजू. समोर १५ मीटरवर एक पोरगं चेंडूमागे धावत आलं.

ताशी ३० ला गाडी साधारण १४ मीटरमध्ये थांबते. पोरगं वाचतं. ताशी ४५ ला ब्रेक लागायच्या आतच साडेबारा मीटर संपतात आणि धडक सुमारे ४० च्या वेगाने बसते. ताशी ६० ला त्या एका सेकंदातच १६ मीटरहून जास्त अंतर जातं, म्हणजे ब्रेक दाबलाही जात नाही.

तिन्ही वेळा चालक तोच, तितकाच सावध आणि शुद्धीत. फरक फक्त आकड्याचा. कायदा ज्याला अविचार म्हणतो, तो इथे कुठेच नाही.

सरळ गल्ली, सुसाट गाडी

आता रस्त्याकडे बघू. १८१८ नंतर खानदेशचा कारभार बघणाऱ्या कॅप्टन जॉन ब्रिग्जने धुळ्याला मुख्य ठाणं केलं आणि नवी पेठ आखून वसवली. नव्या धुळ्याच्या सरळ, नंबर दिलेल्या गल्ल्या बैलगाड्यांसाठी आणि व्यापारासाठी उत्तम होत्या. पण सरळ रस्त्यावर नजर लांब जाते, आणि नजर जाते तिथे अ‍ॅक्सिलरेटर जातो. जुन्या गावातल्या वाकड्या बोळात माणूस आपोआप हळू होतो.

जळगावात वेगळीच अडचण. राष्ट्रीय महामार्ग शहराच्या मधून गेला, दोन्ही बाजूंना कॉलन्या वाढल्या आणि समांतर रस्त्यांसाठी लोकांना वर्षानुवर्षं आंदोलनं करावी लागली. महामार्गाचा वेग घेऊन माणूस कॉलनीत वळतो. मग कट लागतो, कट लागला म्हणून भांडण होतं आणि पेपरात हाणामारीची बातमी येते.

यावर आपला ठरलेला उपाय म्हणजे अपघातानंतर रातोरात टाकलेला गतिरोधक. त्यालाही इतिहास आहे. नोबेल मिळवलेले भौतिकशास्त्रज्ञ आर्थर कॉम्प्टन यांनी १९५३ मध्ये सेंट लुइसच्या आपल्या विद्यापीठासाठी गतिरोधक तयार केले होते. १९७० च्या दशकात ब्रिटनच्या रस्ते प्रयोगशाळेने ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असा पसरट उंचवटा ठरवला. इंडियन रोड्स काँग्रेसच्या १९८८ च्या मानकातही हीच मापं आहेत, ताशी २५ ने आरामात ओलांडण्यासाठी. आपल्याकडचा हातभर रुंदीचा टेंगूळ म्हाताऱ्या माणसाची कंबर मोडतो, आणि बाइकवाला कडेच्या फटीतून निघून जातो.

म्हणजे आकडा होता, फक्त रस्त्यापर्यंत पोचला नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ११२ नुसार राज्य सरकार, किंवा त्याने अधिकार दिलेली यंत्रणा, एखाद्या रस्त्यासाठी कमी मर्यादा राजपत्रात जाहीर करून तिथे पाटी लावू शकते. म्हणून पुढच्या वेळी कॉलनीचं निवेदन लिहाल तेव्हा ‘भरधाव वाहनांचा बंदोबस्त करावा’ एवढ्यावर थांबू नका. ‘या रस्त्यावर ताशी २५ ची मर्यादा जाहीर करा, पाटी लावा आणि ३.७ मीटरचा गतिरोधक बांधा’ असं लिहा. विशेषणाला ‘बघू’ म्हणून वाटेला लावता येतं. आकडा मागितला की हो किंवा नाही, काहीतरी लिहून द्यावं लागतं.