साँग ऑफ द अर्थ (बॅले)

साँग ऑफ द अर्थ, म्हणजे 'पृथ्वीचे गीत', हा ब्रिटिश नृत्यरचनाकार केनेथ मॅकमिलन (१९२९–१९९२) यांनी गुस्टाव्ह मालर यांच्या 'डास लीड फॉन डेर एर्ड' या गायन व वाद्यवृंदाच्या रचनेवर बसवलेला एकअंकी बॅले आहे. त्याचा पहिला प्रयोग ७ नोव्हेंबर १९६५ रोजी जर्मनीतील श्टुटगार्ट येथे श्टुटगार्ट बॅले या संस्थेने केला. मैफलीसाठी रचलेल्या, शब्दांसह स्वयंपूर्ण असलेल्या संगीतकृतीवर नृत्य बसवावे की नाही, हा बॅलेच्या क्षेत्रातील जुना वाद आहे. त्या वादात या कृतीचा दाखला वारंवार दिला जातो; कारण ज्या कॉव्हेंट गार्डनच्या रंगमंचासाठी मॅकमिलन यांनी ती प्रथम योजली, तेथील संचालक मंडळानेच तिला नकार दिला होता.

मूळ संगीत

मालर यांनी ही रचना १९०८–०९ मध्ये केली. त्याआधीच्या १९०७ या एकाच वर्षात त्यांची थोरली मुलगी वारली, त्यांना हृदयविकार असल्याचे निदान झाले आणि व्हिएन्नातील ऑपेराचे संचालकपद त्यांनी सोडले. हान्स बेथगे यांनी जर्मनमध्ये केलेली प्राचीन चिनी कवितांची स्वैर रूपांतरे याच सुमारास त्यांच्या वाचनात आली. ली बाई, वांग वेई, मेंग हाओरान आदी तांग काळातील कवींच्या या कवितांमधून त्यांनी सहा गीतांची माळ गुंफली. टेनर म्हणजे उंच पट्टीचा पुरुषस्वर आणि आल्टो म्हणजे खालच्या पट्टीचा स्त्रीस्वर (त्याऐवजी बॅरिटोन पुरुषस्वरही चालतो) ही गीते आळीपाळीने गातात. संपूर्ण रचना सुमारे एक तासाची असून 'निरोप' हे शेवटचे गीत एकटेच जवळजवळ अर्धा तास चालते. त्याच्या अखेरच्या ओळी स्वतः मालर यांच्या आहेत. 'सदैव' या अर्थाचा एकच जर्मन शब्द पुनःपुन्हा उच्चारत गायिकेचा स्वर विरत जातो. ही रचना मालर यांना ऐकायला मिळाली नाही. त्यांच्या मृत्यूनंतर काही महिन्यांनी, नोव्हेंबर १९११ मध्ये, म्युनिक येथे ब्रूनो वॉल्टर यांनी ती प्रथम सादर केली.

पूर्वपीठिका आणि नकार

मैफलीच्या संगीतावर नृत्य करणे १९६५ मध्ये नवीन राहिले नव्हते. इझाडोरा डंकन यांनी विसाव्या शतकाच्या आरंभीच तो मार्ग धरला होता. लेओनीद मासीन यांनी १९३३ मध्ये चायकोव्हस्की आणि ब्राम्स यांच्या संपूर्ण सिंफनींवर बॅले बसवले, तेव्हा संगीतरसिकांत मोठी खळबळ उडाली. मात्र अर्नेस्ट न्यूमन यांच्यासारख्या नामवंत संगीतसमीक्षकाने त्यांची बाजू घेतली. मालर यांच्या गीतांपुरते बोलायचे तर अँटनी ट्यूडर यांचा 'डार्क एलिजीज' (१९३७) हा आदर्श समोर होता. मुलांच्या मृत्यूवरील मालर यांच्या गीतमालेवरील या बॅलेत गायक रंगमंचावरच असतो. परंतु याच ट्यूडर यांनी १९४८ मध्ये अमेरिकेत 'डास लीड फॉन डेर एर्ड'वर 'शॅडो ऑफ द विंड' हा बॅले केला, तो मात्र टिकला नाही.

मॅकमिलन यांनी आपली कल्पना मांडली तेव्हा कॉव्हेंट गार्डनच्या मंडळाचा आक्षेप मुख्यतः संगीताच्या प्रतिष्ठेचा होता. अशी थोर कृती बॅलेसाठी वापरणे योग्य नव्हे, असे त्यांचे मत पडले. या आक्षेपामागे बॅलेकडे पाहण्याची एक उतरंडही होती, हे नाकारता येत नाही. कारण त्याच वास्तूत ऑपेरा आणि बॅले शेजारी शेजारी नांदत असताना गाण्याला जो मान होता तो नृत्याला नव्हता. मॅकमिलन यांचे जुने सहकारी जॉन क्रँको १९६१ पासून श्टुटगार्टचे संचालक होते. त्यांनी ही कृती आपल्याकडे बसवण्याचे निमंत्रण दिले.

रचना

बॅलेत तीन मुख्य भूमिका आहेत : पुरुष, स्त्री आणि अर्धा मुखवटा घातलेला मृत्यूचा दूत. पहिल्या प्रयोगात त्या अनुक्रमे रे बारा, मार्सिया हायडी आणि एगोन माडसेन यांनी केल्या. निकोलस जॉर्जिआडिस यांची वेशभूषा अगदी साधी आहे, आणि चिनी वातावरण उभे करण्याचा कोणताही खटाटोप रंगमंचावर दिसत नाही. गायक रंगमंचाच्या कडेला उभे राहून गातात.

कथानक म्हणावे तर दोन-तीन वाक्यांचे. मृत्यू पुरुषाला घेऊन जातो. मग तो आणि मृत्यू दोघेही स्त्रीकडे परत येतात, आणि अखेरीस मृत्यूतच नव्या आरंभाचे आश्वासन सापडते. हा दूत भयंकर नाही. तो माणसांच्या मेळ्यात सहज मिसळतो, त्यांच्याबरोबर नाचतो. पाचव्या गीतातील वसंतात झिंगलेल्या पुरुषाच्या सोबत्यांत तोही असतो, आणि गीत संपता संपता त्याला घेऊन जातो.

शब्दांशी नृत्याचे नाते कसे राखले आहे, हा या कृतीचा सर्वांत विचार करण्यासारखा भाग होय. भरतनाट्यमच्या पदात नर्तकी शब्दाचा अर्थ हस्तमुद्रा आणि मुखाभिनय यांतून उलगडते. मॅकमिलन यांनी बहुतांशी तो मार्ग टाळला. चिनी मातीच्या मंडपाचे पाण्यातील उलटे प्रतिबिंब वर्णिणाऱ्या तिसऱ्या गीतात देहांच्या उलट्या आकृती येतात, चौथ्यात फुले वेचणाऱ्या मुली आणि घोडेस्वार तरुण सूचित होतात. परंतु असे प्रसंग थोडेच. बाकी ठिकाणी शब्द गायकाकडे राहतो आणि नृत्य त्यामागच्या भावस्थितीकडे पाहते. एकच गोष्ट दोघांनी सांगितली असती तर एक जण निरर्थक ठरला असता. शेवटच्या गीतातील वाद्यवृंदाच्या दीर्घ मध्यंतरात शब्द थांबतात, आणि तेथे नृत्यावरचा भार एकदम वाढतो. स्त्रीची पायाच्या बोटांच्या टोकांवरील अखंड, बारीक पावले या भागात विशेष लक्षात राहतात. अखेरीस पुरुष दूतासारखाच मुखवटा घालून येतो आणि तिघेही संथपणे प्रेक्षकांच्या दिशेने पुढे सरकत राहतात. पडदा पडतो तेव्हाही ती चाल थांबलेली नसते.

अशा कृतीची एक व्यावहारिक अडचण सहसा लक्षात येत नाही. तालमी बहुधा पियानोवर होतात, प्रयोगात मात्र जिवंत गळा असतो. गायकाचा श्वास रोज तेवढाच पुरत नाही. एका पायावर तोललेल्या नर्तकीला संगीत किंचित लांबले तरी ते जाणवते. वाद्यवृंद संचालकाला त्यामुळे दोघांकडे लक्ष ठेवावे लागते.

पुढील वाटचाल

श्टुटगार्टच्या यशानंतर लंडनचा विरोध मावळला आणि मे १९६६ मध्ये रॉयल बॅलेने हाच बॅले कॉव्हेंट गार्डनमध्ये सादर केला. पाहुण्या कलावंत म्हणून मार्सिया हायडी स्त्रीच्या भूमिकेत होत्या, पुरुषाची भूमिका डोनाल्ड मॅक्लिअरी यांनी आणि दूताची अँथनी डॉवेल यांनी केली. डार्सी बसेल यांनी जून २००७ मध्ये रॉयल बॅलेचा निरोप घेताना हीच कृती निवडली.

नकाराचा प्रसंग मात्र पुन्हा आला. क्रँको १९७३ मध्ये अकाली वारले. त्यांच्या स्मरणार्थ फोरे यांच्या 'रेक्विएम' या मृतांसाठीच्या प्रार्थनासंगीतावर बॅले करण्याची मॅकमिलन यांची इच्छा होती. यावेळी ते स्वतः रॉयल बॅलेचे संचालक होते, तरीही धार्मिक भावना दुखावतील या कारणास्तव मंडळाने संमती दिली नाही. तो बॅलेदेखील १९७६ मध्ये श्टुटगार्टलाच झाला, क्रँको यांनी घडवलेल्या नर्तकांकडून. लंडनमध्ये तो १९८३ मध्ये पोहोचला. दरम्यान १९८० मध्ये पुलाँक यांच्या 'ग्लोरिया' या धार्मिक गायनरचनेवर मॅकमिलन यांनी पहिल्या महायुद्धातील हरवलेल्या पिढीचा बॅले केला, आणि तो थेट कॉव्हेंट गार्डनमध्येच झाला.