पिकअप ट्रक किती ओझं पेलतो आणि किती ओढतो? जाहिरातीतला आकडा आणि दारावरचं स्टिकर

ऑक्टोबर २०१२ मध्ये अमेरिकेतल्या लॉस एंजेलिस शहरात एक अजब दृश्य दिसलं. टोयोटा टुंड्रा हा पिकअप ट्रक 'एंडेव्हर' हे अंतराळयान ओढत एका पुलावरून नेत होता. यान आणि त्याखालची चाकांची गाडी मिळून वजन होतं सुमारे १ लाख ३० हजार किलो. या ट्रकची ओढण्याची अधिकृत क्षमता मात्र साधारण साडेचार हजार किलो.

असे व्हिडिओ आजही फिरत असतात. कुणी पिकअपने रेल्वेचे डबे ओढतं, कुणी विमान. ते पाहून वाटतं, कंपनीने दिलेली मर्यादा म्हणजे नुसतीच काळजी, गाडी त्याच्या कितीतरी पट जास्त करू शकते. हा समज चुकीचा आहे, आणि रस्त्यावर तो जिवावर बेतू शकतो. तो का चुकीचा आहे हे कळण्यासाठी एक फरक समजून घ्यावा लागतो: ओढणं वेगळं आणि पेलणं वेगळं.

ओढणं आणि पेलणं

सपाट रस्त्यावर, चालण्याच्या वेगाने, चाकांवर असलेली वस्तू पुढे सरकवायला तुलनेने कमी जोर लागतो. बंद पडलेली कार दोन माणसं ढकलतात, पण तीच कार दोघांना उचलता येत नाही. अंतराळयानाचं वजन त्याच्या स्वतःच्या चाकांवर होतं, टुंड्राच्या पाठीवर नव्हतं. शिवाय घाट नव्हता, ८०-१०० चा वेग नव्हता, अचानक ब्रेक मारायचा नव्हता.

कंपनीचा आकडा यासाठीच असतो: चढ, उतार, उन्हाळा, महामार्गाचा वेग आणि समोर अचानक थांबलेली गाडी. आणि तोही एक आकडा नसतो. ते अनेक आकडे आहेत आणि ते सगळे एकाच वेळी पाळावे लागतात.

कोणता आकडा काय सांगतो?

- कर्ब वेट: रिकाम्या गाडीचं वजन. यात इंधन आणि ऑइल भरलेलं धरतात. माणसं आणि माल धरत नाहीत.
- जीव्हीडब्ल्यूआर: गाडीचं जास्तीत जास्त एकूण वजन. गाडी, इंधन, माणसं, माल आणि मागच्या ट्रेलरचा हुकावर पडणारा भार, सगळं यात आलं.
- पेलोड: एकूण वजनातून रिकाम्या गाडीचं वजन वजा केल्यावर उरतं ते. म्हणजे गाडीत आणि गाडीवर किती ठेवता येईल.
- जीएडब्ल्यूआर: पुढच्या आणि मागच्या ॲक्सलची वेगवेगळी मर्यादा. एकूण वजन मर्यादेत असूनही सगळा माल मागे लादला, तर मागचा ॲक्सल मर्यादा ओलांडू शकतो.
- जीसीडब्ल्यूआर: ट्रक आणि ट्रेलर दोन्ही भरलेले असताना मिळून जास्तीत जास्त वजन.
- टो रेटिंग: जास्तीत जास्त किती वजनाचा ट्रेलर ओढता येईल. जाहिरातीत मोठ्या अक्षरात असतो तो हाच आकडा.

दोन्ही ॲक्सलच्या मर्यादांची बेरीज बहुतेक वेळा एकूण मर्यादेपेक्षा जास्त येते. काही जण ही बेरीज दाखवून 'अजून जागा आहे' म्हणतात. तसं नसतं. जी मर्यादा आधी गाठली जाते, तिथे थांबायचं.

'पाऊण टन' आणि 'एक टन'

अमेरिकेत पिकअपना अजूनही अर्धा टन, पाऊण टन आणि एक टन अशी नावं आहेत. फोर्ड एफ-१५० अर्ध्या टनात मोडते. एफ-२५०, राम २५०० आणि सिल्व्हराडो २५०० पाऊण टनात, तर एफ-३५० आणि राम ३५०० एक टनात. पूर्वी ही नावं खरोखर पेलण्याच्या क्षमतेवरून पडली. आता ती फक्त ओळखीपुरती उरली आहेत. 'पाऊण टन' म्हणवणारी गाडी आज सहसा एका टनाहून जास्त पेलते.

सरकारी वर्गवारी एकूण वजनावर ठरते. ८,५०१ ते १०,००० पौंड (सुमारे ३,८५६ ते ४,५३६ किलो) म्हणजे वर्ग '२ बी', आणि १०,००१ ते १४,००० पौंड (सुमारे ६,३५० किलोपर्यंत) म्हणजे वर्ग '३'. हेवी ड्युटी पिकअप या दोन वर्गांत येतात. १०,००० पौंडांची रेषा महत्त्वाची आहे. तिच्यापुढची गाडी राज्याबाहेर धंद्यासाठी वापरली, तर व्यावसायिक वाहनांचे केंद्रीय नियम लागू होतात. म्हणून कंपन्या काही मॉडेल मुद्दाम बरोबर १०,००० पौंडांवर विकतात. गाडी जास्त पेलू शकली असती, तरी कागदावर तेवढीच मर्यादा असते आणि तीच पाळावी लागते.

टो रेटिंग कसं ठरतं?

पूर्वी प्रत्येक कंपनी आपापल्या पद्धतीने हा आकडा सांगायची, त्यामुळे तुलना करणं अवघड होतं. मग एसएई या अभियंत्यांच्या संस्थेने 'जे२८०७' नावाचं मानक आणलं. त्यातली प्रसिद्ध चाचणी ॲरिझोनामधल्या डेव्हिस डॅम जवळच्या सुमारे १८ किलोमीटरच्या चढावर बेतलेली आहे. कडक ऊन, एसी पूर्ण चालू, मागे ट्रेलर. अशा स्थितीत गाडीने ताशी ४० मैलांच्या (सुमारे ६४ किलोमीटर) खाली न येता चढ पार करायचा असतो. मागे जोडचाकं असलेल्या ट्रकला ३५ मैलांची सूट आहे.

पण या चाचणीत गाडीत प्रत्येकी १५० पौंडांची, म्हणजे सुमारे ६८ किलोची दोनच माणसं धरलेली असतात. प्रत्यक्षात मागच्या सीटवर मुलं, हौद्यात जनरेटर, सामानाच्या पेट्या आणि कुत्रा असतो. गोंधळ इथेच सुरू होतो.

हिशेब करून पाहू

समजा एका पिकअपचे आकडे असे आहेत:

- एकूण वजनाची मर्यादा: ४,५०० किलो
- रिकाम्या गाडीचं वजन: ३,३५० किलो
- म्हणून पेलोड: १,१५० किलो
- टो रेटिंग: ७,५०० किलो
- ट्रक आणि ट्रेलर मिळून मर्यादा: ११,००० किलो

घरातली चार माणसं ३०० किलो. हत्यारं, सामान आणि हौद्यात बसवलेला हुक मिळून २०० किलो. पेलोडमधले ५०० किलो इथेच गेले, उरले ६५०.

आता मागे ५,००० किलोचा राहण्याचा मोठा ट्रेलर जोडायचा आहे. टो रेटिंग ७,५०० असल्याने वरवर सगळं ठीक वाटतं. एकत्रित वजनही ८,८५० किलो, म्हणजे मर्यादेत.

पण ट्रेलर आपलं काही वजन ट्रकच्या पाठीवर टाकतो. मागच्या बंपरखालच्या साध्या हुकावर हा भार ट्रेलरच्या वजनाच्या साधारण १० ते १५ टक्के असतो. हौद्यात जोडायच्या 'फिफ्थ व्हील' आणि 'गूजनेक' प्रकारात तो १५ ते २५ टक्के धरतात. आपला ट्रेलर फिफ्थ व्हील प्रकारचा आहे. २० टक्के धरले तर १,००० किलो. जागा उरली होती ६५० ची. गाडी ३५० किलोने ओव्हरलोड झाली, तीही ओढण्याची मर्यादा गाठायला अडीच हजार किलो बाकी असताना.

हेवी ड्युटी पिकअपच्या बाबतीत बहुतेकांची चूक होते ती इथे. ओढण्याची ताकद शिल्लक असते, पेलण्याची आधीच संपलेली असते.

मग मालाची मांडणी बदलून हुकावरचा भार कमी केला तर? तो उपाय धोक्याचा आहे. पुढचा भार फार कमी झाला की वेगात ट्रेलर डावीकडे-उजवीकडे झोके घ्यायला लागतो आणि ट्रकलाही फरफटवतो. भार फार जास्त झाला तर ट्रकची मागची बाजू दबते, पुढची चाकं हलकी होतात, स्टिअरिंग आणि पुढचे ब्रेक नीट पकडत नाहीत. उसाच्या ट्रॉलीमुळे ट्रॅक्टरची पुढची चाकं उचललेली ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना हे वेगळं सांगायला नको.

काही सामान्य गैरसमज

*'डिझेल इंजिन घेतलं की जास्त माल नेता येतो.'* ओढण्याच्या बाबतीत अनेकदा खरं. पण डिझेल इंजिन पेट्रोल इंजिनापेक्षा बरंच जड असतं. एकूण मर्यादा तीच असेल, तर ते वजन पेलोडमधूनच कमी होतं. चार दारांची केबिन, फोर व्हील ड्राइव्ह, सनरूफ यांचंही तसंच. महागड्या मॉडेलचं पेलोड साध्या मॉडेलपेक्षा कमी निघणं नेहमीचं आहे.

*'जादा पाटे किंवा एअर बॅग बसवल्या की मर्यादा वाढते.'* गाडी दबायची थांबते, एवढंच. ब्रेक, ॲक्सल, फ्रेम आणि टायर तेच राहतात. मर्यादा कंपनीने ठरवलेलीच राहते.

*'वेबसाइटवर माझ्या मॉडेलचं पेलोड दिलं आहे.'* ते त्या मॉडेलच्या सर्वात हलक्या प्रकाराचं असू शकतं. आपल्या गाडीची मर्यादा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर असते. जिथे माणसं आणि सामान मिळून किती वजन चालेल हे सांगणारं वेगळं स्टिकर नसतं (१०,००० पौंडांपुढच्या गाड्यांना ते सक्तीचं नाही), तिथे गाडी काट्यावर तोलून हिशेब करावा.

आपल्याकडे हेच कुठे दिसतं?

भारतात अशा अमेरिकन पिकअप क्वचितच दिसतात, पण गणित तेच आहे. भाजी, कांदा किंवा वाळू वाहणाऱ्या कोणत्याही पिकअपच्या आरसीवर भरलेल्या आणि रिकाम्या गाडीचं वजन लिहिलेलं असतं. दोन्हींतला फरक म्हणजे कायदेशीर माल, आणि त्यात ड्रायव्हर-क्लीनरचं वजनही आलं. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ नुसार ओव्हरलोडसाठी २०,००० रुपये आणि जादा प्रत्येक टनामागे २,००० रुपये दंड आहे. जादा माल उतरवल्याशिवाय गाडी पुढे नेता येत नाही.

निघण्याआधी

१. दारावरचं स्टिकर किंवा आरसी वाचा. जाहिरातीतला आकडा बाजूला ठेवा.
२. माणसं, सामान आणि नंतर बसवलेल्या वस्तू यांचं वजन पेलोडमधून वजा करा.
३. उरलेल्या आकड्यात ट्रेलरचा हुकावरचा भार बसतो का ते पाहा. ट्रेलरचं वजन भरलेला असतानाचं धरा.
४. हुक आणि टायर यांवरची मर्यादाही तपासा. सगळ्यांत कमी असेल ती खरी मर्यादा.
५. शंका असेल तर भरलेली गाडी वजनकाट्यावर न्या आणि प्रत्येक ॲक्सलचं वजन वेगळं घ्या.