काल्पनिक साखळी स्पर्धा आणि बालपणाचा इतिहास : शिरोळ परिसराच्या संदर्भात

प्रस्तावना

क्रीडेचा इतिहास सामान्यतः मैदाने, संघटना, खेळाडू आणि विक्रम यांच्या आधारे लिहिला जातो. ज्या स्पर्धा कोणत्याही मैदानावर झाल्या नाहीत, परंतु ज्यांचे संघ, वेळापत्रके, धावफलक आणि गुणतक्ते शाळकरी मुलांनी वह्यांच्या मागील पानांवर निष्ठेने सांभाळले, त्या स्पर्धांना या इतिहासात स्थान मिळालेले नाही. 'पुस्तक क्रिकेट' या नावाने महाराष्ट्रातील अनेक पिढ्यांना परिचित असलेला खेळ हा अशा काल्पनिक स्पर्धांचा सर्वांत सुलभ आधार होय. वेळ घालविण्याचे साधन म्हणून त्याची बोळवण केली जाते. वस्तुतः मुले स्वतः संस्था कशी उभारतात आणि नोंद कशी ठेवतात, याचा तो पुरावा आहे. प्रस्तुत निबंधात या छंदाचा ऐतिहासिक साधन म्हणून विचार केला आहे.

उद्दिष्टे

1. पुस्तक क्रिकेटची रचना व तिच्यातील गणित स्पष्ट करणे.
2. काल्पनिक व प्रत्यक्ष साखळी स्पर्धांमधील नाते तपासणे.
3. मुलांच्या वह्यांच्या जतनाचा प्रश्न मांडणे.

शिरोळचा परिसर

शिरोळ तालुका कोल्हापूर जिल्ह्याच्या पूर्व टोकास असून नृसिंहवाडी येथे कृष्णा व पंचगंगा यांचा संगम होतो. पश्चिमेस तालमींचे कोल्हापूर आहे. 1912 साली बांधलेले खासबाग कुस्ती मैदान आणि पेठापेठांतील तालीम मंडळांच्या फुटबॉल संघांमधील चुरस ही त्या शहराची ओळख आहे. उत्तरेस सांगली आहे. विजय हजारे यांचा जन्म 1915 साली तेथे झाला आणि 1963 साली तेथे आकाशवाणी केंद्र सुरू झाले. दोन क्रीडाप्रेमी शहरांच्या मधल्या या भागातील मुलांना मोठे सामने प्रत्यक्ष पाहण्यापेक्षा ऐकण्या-वाचण्यातूनच अधिक भेटणे स्वाभाविक होते. बाळ ज. पंडित यांच्यासारख्या समालोचकांनी क्रिकेट मराठीतून घरोघरी पोहोचविले. न पाहिलेला सामना केवळ शब्दांतून डोळ्यांसमोर उभा करण्याची सवय श्रोत्यांना लागली. काल्पनिक स्पर्धा रचण्यासाठी लागणारी पूर्वतयारी हीच होय. त्यात पावसाळ्याचे चार महिने मैदाने चिखलात असतात. पुस्तक, पेन्सिल आणि वही मात्र घरात असते.

पुस्तक क्रिकेटचे गणित

या खेळात पुस्तक डोळे मिटून उघडले जाते व डाव्या पानाच्या क्रमांकातील शेवटचा अंक पाहिला जातो. डाव्या पानाचा क्रमांक सम असल्याने 0, 2, 4, 6 आणि 8 हे पाचच अंक संभवतात. शून्य आल्यास फलंदाज बाद होतो. 2, 4, 6 या तितक्याच धावा मानल्या जातात. 8 चा अर्थ मात्र गटागणिक बदलतो. 8 हा निर्धाव चेंडू मानला आणि सर्व पाने सारख्याच शक्यतेने उघडतात असे गृहीत धरले, तर बाद होण्याची शक्यता प्रत्येक चेंडूस एकपंचमांश राहते. बाद होण्यापूर्वी फलंदाजास सरासरी चार चेंडू मिळतात, त्याची सरासरी धावसंख्या 12 होते आणि दहा गडी बाद होईपर्यंत संघाच्या सुमारे 120 धावा होतात. शतक हजार डावांत एखादेच.

येथेच मुलांमधील नियमकर्ता जागा होतो. वृत्तपत्रात शतके वाचणाऱ्या मुलास 12 धावांची सरासरी पटत नाही. म्हणून नामवंत फलंदाजास एक जीवदान द्यावे काय, 8 ला एक धाव द्यावी काय, असे प्रश्न उभे राहतात. शिवाय वापरून सैल झालेले पाठ्यपुस्तक ठरावीक पानांवरच उघडते आणि ही पाने ठाऊक असलेला खेळाडू लबाडी करू शकतो. मग पुस्तक कोणते वापरावे आणि ते कोणी उघडावे, यांचेही नियम करावे लागतात. एकट्याने खेळणाऱ्या मुलाची कसोटी अधिक कठीण असते. आवडत्या संघाच्या वाट्याला शून्य आले आणि पाहणारे कोणीही नसले, तरी ते वहीत लिहायचे की नाही, हे त्याला स्वतःच ठरवावे लागते. गैरसोयीची नोंदही न बदलता ठेवणे ही इतिहासलेखनाची पहिली अट आहे. ती येथे खेळता खेळता अंगवळणी पडते.

प्रत्यक्ष स्पर्धांमधील कल्पना

काल्पनिक स्पर्धा खोटी आणि प्रत्यक्ष स्पर्धा खरी, ही विभागणी दिसते तितकी सरळ नाही. रणजी करंडक स्पर्धा 1934-35 च्या हंगामात सुरू झाली तेव्हापासून 'महाराष्ट्र' नावाचा संघ तीत खेळत होता. महाराष्ट्र राज्य मात्र 1 मे 1960 रोजी अस्तित्वात आले. म्हणजे संघाची कल्पना राज्याच्या पंचवीस वर्षे आधी मैदानावर होती. मुंबईच्या प्रसिद्ध स्पर्धेत तर संघ धर्मानुसार पाडले गेले होते. ती 1912 पासून चौरंगी व 1937 पासून पंचरंगी झाली आणि 1946 मध्ये बंद पडली. हिंदू संघाचे थोर गोलंदाज पालवणकर बाळू यांना दलित असल्यामुळे कर्णधारपद मिळाले नाही. त्यांचे बंधू विठ्ठल यांना ते 1923 साली मिळाले. संघ कसे पाडावेत आणि कर्णधार कोणास करावे, हे निर्णय समाजाची कल्पनाशक्ती किती पोहोचते हे दाखवितात. मुलांच्या वहीतील संघनिवडीकडेही याच दृष्टीने पाहिले पाहिजे. संघ देशांचे आहेत की गावांचे, त्यांत कोणाची नावे आहेत, मुलींना स्थान आहे काय, हे त्या वहीला विचारण्याचे प्रश्न होत.

कोल्हापूरचे भाऊसाहेब निंबाळकर यांचे उदाहरण या संदर्भात बोलके आहे. डिसेंबर 1948 मध्ये पुणे येथे महाराष्ट्राकडून काठियावाडविरुद्ध खेळताना ते 443 धावांवर नाबाद होते. ब्रॅडमन यांचा 452 धावांचा विक्रम मागे टाकण्यास अवघ्या दहा धावा हव्या असताना प्रतिस्पर्धी संघाने सामना सोडून दिला. निंबाळकर अधिकृत कसोटी सामना कधीही खेळले नाहीत. वहीतील सामन्यात मात्र कोणी मैदान सोडून जात नाही आणि न्याय अपुरा राहिलेल्या खेळाडूस पुन्हा फलंदाजीस पाठविता येते.

जतनाचा प्रश्न

अमेरिकन लेखक जॅक केरुअॅक यांनी लोवेल या गावी बालपणी बेसबॉलची काल्पनिक साखळी रचली होती. संघांना मोटारगाड्यांची नावे देऊन त्यांनी आकडेवारी व बातमीपत्रे लिहिली आणि प्रौढ वयातही हा छंद सोडला नाही. ही कागदपत्रे आज न्यूयॉर्क सार्वजनिक ग्रंथालयात आहेत. ती टिकली, कारण लिहिणारा मुलगा पुढे प्रसिद्ध झाला. रॉबर्ट कूव्हर यांनी 1968 साली अशाच काल्पनिक साखळीवर कादंबरी लिहिली आणि हा विषय साहित्यातही आला. परंतु प्रसिद्ध न झालेल्या असंख्य मुलांच्या वह्यांचे काय?

त्यांचा शेवट बहुधा रद्दीत होतो. शिरोळ तालुक्यात त्यास महापुराची जोड मिळते. 2005, 2019 आणि 2021 च्या पुरांनी या तालुक्यातील गावे वेढली गेली. घर सोडताना सातबारा, शिधापत्रिका आणि गुणपत्रिका पिशवीत जातात. गुणतक्त्याची वही जाण्याचे कारण नसते. जे कागद शासनाला लागतात ते वाचतात. ज्यांत मुलाने स्वतःचे शासन उभे केले होते, ते वाहून जातात.

निष्कर्ष

काल्पनिक साखळी स्पर्धा म्हणजे मुलांनी स्वतः निर्माण केलेली संस्था होय. तिला नियम, न्याय, नोंद आणि स्मृती ही चारही अंगे असतात. प्रौढांच्या स्पर्धाही कल्पनेवरच उभ्या असल्याने मुलांच्या स्पर्धा केवळ काल्पनिक म्हणून इतिहासातून वगळणे योग्य नाही. महाविद्यालयांतील इतिहास विभागांनी आपल्या परिसरातील अशा वह्या संकलित कराव्यात आणि ज्या नष्ट झाल्या त्यांच्या आठवणी मौखिक इतिहासाच्या पद्धतीने नोंदवाव्यात. पुस्तक क्रिकेट खेळलेल्या पिढ्यांपैकी अनेकजण आज अध्यापक आहेत; या संकलनाचा आरंभ प्राध्यापक कक्षातूनही होऊ शकेल. बालपणाविषयी प्रौढांनी लिहिलेले पुष्कळ आहे. मुलांनी त्याच वेळी, स्वतःच्या हस्ताक्षरात, कोणी सांगितले नसताना लिहिलेले फार थोडे उरले आहे.