इंधन-अंतःक्षेपणाची दोषपरीक्षा : एक ऐतिहासिक टिपण

पेट्रोल-एंजिनात कार्ब्युरेटरचे स्थान दीर्घकाळ टिकून राहिले, याचे एक कारण त्याची सुलभ दुरुस्ती हे होय. जेट तुंबला किंवा तरंगकाची पातळी बिघडली, तर तो दोष डोळ्यांना दिसे व कानाला कळे. इ. स. १९६७ मध्ये बॉश कंपनीची ‘डी-जेट्रॉनिक’ ही इलेक्ट्रॉनिक अंतःक्षेपण-प्रणाली फोक्सवॅगन १६०० या गाडीत प्रथम आली आणि ही स्थिती पालटली. अमेरिकेतील धूरविषयक निर्बंध हे या बदलाचे प्रमुख कारण होते.

या प्रणालीत इंधनाचा दाब सुमारे २ बार इतका स्थिर राखला जाई आणि इंजेक्टर किती काळ उघडा राहावा, हे नियंत्रकपेटी ठरवी. शोषनलिकेतील दाब, एंजिनाची गती व तापमान यांची वार्ता तिला संवेदकांकडून मिळे. त्यामुळे दोष एके ठिकाणी व लक्षण दुसरीकडे, असे घडू लागले. तापमान-संवेदकाची तार तुटली, की एंजिन अतिशय थंड आहे असे नियंत्रकपेटी समजे व इंधन वाढवी. काळा धूर पाहून कारागिराने निर्दोष इंजेक्टर बदलावा, असा प्रसंग तेव्हा सहज संभवे.

म्हणूनच परीक्षेला क्रम आवश्यक ठरला. प्रथम दाबमापकाने इंधनाचा दाब पाहावयाचा. मग हवेची गळती शोधावयाची. नंतर ओहममापकाने इंजेक्टरचे वेटोळे व संवेदक यांचा रोध मोजावयाचा. नियंत्रकपेटीवर संशय घ्यावयाचा तो सर्वांत शेवटी. या क्रमामागील तर्क उघड आहे. दाब स्थिर नसेल, तर उघडझापेच्या काळावरून इंधनाचे प्रमाण ठरविण्याचा आधारच नाहीसा होतो.

पुढे दोषांची नोंद गाडीच करू लागली. अमेरिकेत १९९६ च्या नमुन्यांपासून मोटारगाड्यांना ‘ओबीडी-२’ ही समान पद्धती अनिवार्य झाली. तथापि तिच्या संकेतांचा अर्थ मर्यादित आहे. ‘पी०१७१’ हा संकेत मिश्रणात इंधन कमी पडत असल्याचे सांगतो; परंतु त्याचे मूळ दुर्बल पंपात, तुंबलेल्या इंजेक्टरात, हवेच्या गळतीत किंवा मळलेल्या वायुप्रवाह-संवेदकात असू शकते. संकेत लक्षणाचे नाव देतो, कारणाचे नव्हे. संकेत वाचताच सुटा भाग बदलणाऱ्याच्या हातून ग्राहकाचा खर्च होतो, दोष मात्र तसाच राहतो. सारांश, साधने बदलली, तरी दाबापासून आरंभ करून एकेक शक्यता वगळीत जाण्याची जुनी रीत कालबाह्य झालेली नाही.