कलकत्ता बांबूची काठी

कर्नल विल्यम सायक्स याने दख्खनमधल्या माशांची शास्त्रीय वर्णने १८३९ साली प्रसिद्ध केली. पुण्याच्या पूर्वेला मुळा-मुठेत मिळणाऱ्या, मोठ्या खवल्यांच्या एका माशाला नाव देताना त्याने लोकांच्या तोंडचे ‘खुद्री’ हेच नाव उचलले. दख्खनचा हा महसीर आजही शास्त्रात ‘टॉर खुद्री’च आहे. मासा आपल्या गावठी नावानिशी जगाच्या ग्रंथांत गेला. गळाच्या काठीसाठी परदेशी गेलेल्या आपल्या बांबूच्या वाट्याला मात्र हे भाग्य आले नाही.

गांडूळ लावून काठावर बसणाऱ्याची काठी म्हणजे लांब केलेला हातच. कृत्रिम आमिष आले आणि तिचे काम बदलले. अमेरिकेत जुलिओ ब्यूएल याने १८५२ मध्ये चमच्याच्या आकाराच्या धातूच्या आमिषाचे पेटंट घेतले. असा चमचा वापरण्याच्या रीती दोन. एक, काठावरून दूर फेकून गुंडाळत आणायचा; दुसरी, चालत्या होडीमागे ओढत न्यायचा. फेकताना काठी धनुष्यासारखी वाकून उलगडली पाहिजे, म्हणून ती हलकी आणि शेंड्याला लवचीक हवी. ओढताना काठीला काही फेकायचे नसते. तासन् तास पाण्याचा ताण सोसायचा आणि माशाचा अवचित हिसका पचवायचा. तिथे आखूड, बुडाशी दणकट काठी लागते. म्हणजे काठी निवडणे हा मुळात ती कुठे आणि किती वाकावी याचा निर्णय आहे.

अख्ख्या बांबूत हा निर्णय निसर्गाच्या हाती राहतो. तो माणसाच्या हाती आला चिरलेल्या बांबूमुळे. बांबूचे बळ सालीलगतच्या धाग्यांत असते, हे आपल्याकडच्या कोणत्याही बुरुडाला ठाऊक आहे. पेनसिल्व्हेनियातल्या ईस्टनचा बंदूक-कारागीर सॅम्युअल फिलिप याने १८४०च्या दशकात त्याच धाग्यांच्या कामट्या चिकटवून काठ्या केल्या. पुढे मेन राज्यातल्या हायरम लेनर्ड याने सहा त्रिकोणी कामट्यांची षट्कोनी काठी नावारूपाला आणली. रंधा कुठे किती फिरवायचा, यावर काठीचा वाक ठरू लागला.

या काठ्यांचा बांबू हिंदुस्थानातून जाई. व्यापारात त्याचे नाव ‘कलकत्ता केन’. कलकत्ता हे बंदर. बांबू तिथे चढवला जाई, एवढाच त्याचा शहराशी संबंध. त्यावर भाजल्याचे काळे डाग असत आणि कारागिराला त्यांतून निर्दोष पट्ट्या निवडाव्या लागत. विसाव्या शतकाच्या आरंभी चीनमधल्या ग्वांगडोंगच्या सरळ, दूर पेरांच्या बांबूने त्याला मागे टाकले. गंमत अशी, की त्यालाही नाव मिळाले ‘टोंकिन’, म्हणजे व्हिएतनाममधल्या प्रदेशाचे!

१८७३ मध्ये मद्रास इलाख्यातला सनदी अधिकारी एच. एस. थॉमस याचे ‘द रॉड इन इंडिया’ मंगलोरहून निघाले आणि महसीरची शिकार हा साहेबी छंद ठरला. १९४६ साली म्हैसूरच्या व्हॅन इंगेन घराण्यातल्या एकाने कबिनी नदीत १२० पौंडांचा महसीर पकडला. त्या विक्रमाची नोंद पौंडांनिशी, नावानिशी राहिली.

१९५० मध्ये अमेरिकेने चिनी मालावर बंदी घातली आणि टोंकिनचा पुरवठा आटला. फायबरग्लास तोवर बाजारात आलेच होते. आता त्याला मोकळे रान मिळाले. १९७०च्या दशकात कार्बन आला. हलका आणि ताठ कार्बन फेकण्याच्या काठीत बसला. जड पण सोशिक फायबरग्लास ओढण्याच्या काठीत टिकून राहिले. पदार्थ बदलले, पण निवडीचा जुना प्रश्न तसाच राहिला.

काठी करणाऱ्यांची नावे राहिली, मासे धरणाऱ्यांची राहिली. तो बांबू कोणत्या रानातला, कोणी तोडला, गाडीवर कोणी लादला, हे सारे ‘कलकत्ता’ या एका शब्दाखाली झाकले गेले. सायक्सने नदीकाठच्या माणसांना माशाचे नाव विचारले होते. बांबूच्या व्यापाऱ्यांनी तेवढेही विचारले नाही.