काळ्या मानेची कुळकथा

परतवारीची एकादशी झाली, उपास सुटला, की नरसी नामदेवला समोशाच्या गाड्यावर सॉसची बाटली हातोहात फिरते. जुनी काचेची बाटली असेल तर मानेपाशी कधी काळं कडं दिसतं. ‘नासला,’ म्हणून गिऱ्हाईक ती बाजूला सारतं. केसाळ बुरशी किंवा आंबूस वास असेल तर ते खरंच. पण नुसत्या काळेपणाचं कूळ निराळं आहे.

बुचाच्या पत्र्यातलं लोखंड, लवंगेसारख्या मसाल्यातलं टॅनिन आणि मानेत अडकलेली हवा, या तिघांची गाठ पडली की काळा रंग उतरतो. हिरडा आणि हिराकस घालून आपल्याकडे शाई करत, कापडही काळं रंगवत, रसायन तेच. नामदेवांच्या शिंपी घराण्याच्या गावात हा दाखला परका वाटू नये.

आंबट पदार्थाचं धातूशी पटत नाही, हे आपल्या स्वयंपाकघराला केव्हाच ठाऊक होतं. बिनकल्हईच्या पितळेत आमटी कळकते, म्हणून लोणचं चिनी मातीच्या बरणीत. पीटर ड्युरांडने 1810 मध्ये इंग्लंडात पेटंट घेतलेला पत्र्याचा डबा म्हणजे तरी काय, लोखंडावर कल्हईच! पुढे टोमॅटोच्या आंबटाला ती कल्हईही पुरेना, तेव्हा डब्याला आतून लॅकरचा लेप आला.

अमेरिकेत हाइन्झने 1876 मध्ये केचप विकायला काढलं. त्याची पारदर्शक बाटली माल दाखवायला. मानेवरची पट्टी मात्र काळं कडं झाकायला होती, असं सांगतात. काचेतून हवा आत शिरत नाही, अडचण फक्त बुचापाशी.

प्लास्टिकचं उलटं. धातूचा प्रश्न मिटतो, पण साध्या प्लास्टिकमधून प्राणवायू हळूहळू झिरपतो आणि सॉस लालचा तपकिरी होत जातो. म्हणून 1983 च्या हाइन्झच्या पिळायच्या बाटलीत अनेक पदर होते. मधला पातळ पदर हवा अडवणारा. अस्तर लावलेली बंडीच म्हणा ना.

गाड्यावरच्या पुडीचं गणित अवघड. सॉस चमचाभर आणि त्याला चहूबाजूंनी पापुद्रा. मालाच्या मानाने हवेला वाट जास्त, त्यामुळे बाटलीतल्या सॉसपेक्षा तिची मुदत बहुधा कमी असते. पण उघडलेली बाटली दिवसभर उन्हात, माश्यांत उभी राहते; पुडी एका समोशात संपते.